फरशीखालची ऊब : यवनांच्या टाक्यांपासून प्लॅस्टिकच्या नळीपर्यंत

हिवाळ्यातल्या पहाटे शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहावे आणि लगेच शेजारच्या शहाबादी फरशीवर पाय ठेवावा. फरशी जास्त गार लागते. तापमापक लावला तर दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखेच भरते. फरक आहे तो उष्णता वाहून नेण्याच्या वेगात. दगड तळपायाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, सारवलेली जमीन सावकाश घेते. वहनाचा धडा शिकवताना शिक्षक हे उदाहरण नेहमी देतात. याच उदाहरणाला उलटे केले, म्हणजे फरशीने आपली उष्णता ओढण्याऐवजी आपल्याला उष्णता द्यावी असे ठरवले, तर काय करावे लागेल? या प्रश्नाचे उत्तर माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ शोधत आला आहे. त्या शोधाचे काही धागे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतही सापडतात. ते धागे येथे एकत्र गुंफण्याचा आमचा विचार आहे.

हवा तापवायची की माणूस?

आधी थोडे विज्ञान पाहू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. यातली बरीच उष्णता प्रारणाच्या रूपाने भिंती, छत आणि जमीन यांच्याकडे जाते. नेहमीच्या तापमानाला दोन पृष्ठभागांत एक अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमागे सुमारे ६ वॅट इतकी देवघेव प्रारणाने होते. म्हणूनच खोलीतील हवा उबदार असूनही भिंती थंड असतील तर अंगावर शहारा येतो. उलट जमीन व भिंती कोमट असतील तर हवा दोन अंश कमी असली तरी चालते.

फरशी तापवण्यामागचे तत्त्व हेच आहे. हवा तापवली की ती हलकी होऊन छताकडे जाते. डोके तापते आणि पाय गारच राहतात. फरशी तापवली तर ऊब पायापासून सुरू होते. त्यासाठी फरशी चटका बसण्याइतकी गरम करायची गरज नसते. आजच्या मानकांनुसार वावराच्या जागी फरशीचे तापमान २९ अंश सेल्सिअसच्या वर नेत नाहीत. खोली २० अंशांवर असेल तर अशी फरशी दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट देते. म्हणजे स्वस्थ बसलेला एक माणूस जेवढी उष्णता टाकतो, तेवढी!

यवनांनी काय खोदवले?

रोमन लोकांनी हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील वास्तुकार विट्रुव्हिअस याने स्नानगृहाच्या बांधणीची कृतीच लिहून ठेवली आहे. आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे खांब उभारावेत, ते केस मिसळलेल्या मातीने सांधावेत, त्यांच्यावर दोन फुटी कौले टाकून वरची जमीन करावी, असे तो सांगतो. खांबांखालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता असावा. किती उतरता, याची त्याची कसोटी मोठी सोपी आहे : आत टाकलेला चेंडू तेथे न थांबता परत भट्टीच्या तोंडाशी आला पाहिजे. भट्टीतला गरम धूर या पोकळीतून फिरत जाई आणि पुढे भिंतीतल्या मातीच्या पोकळ नळ्यांतून वर निघून जाई. आपल्याकडच्या चुलीला वैल असतो. चुलीतून निसटणारी ऊब वाया जाऊ नये म्हणून त्यावर कालवण ठेवतात. रोमन स्नानगृहाची जमीन हा त्याच कल्पनेचा अवाढव्य विस्तार होता.

याच सुमाराच्या काही शतकांत जुन्नर हे भरभराटीचे व्यापारी गाव होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. गावाभोवतीच्या तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी व खोल्या कोरलेल्या आहेत. त्यांतील लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत स्वतःला 'यवन' म्हणवणारेही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. हे यवन मूळचे नेमके कुठले, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पश्चिमेकडच्या जगाशी व्यापार असलेल्या गावात परक्या वंशाच्या दात्याने दिली ती गार पाण्याची टाकी. तापवलेली जमीन येथे कोणी बांधली नाही.

कारण उघड आहे. तंत्र जहाजातून येऊ शकते, पण ते रुजायचे तर त्याची गरज असावी लागते. लेण्यांना तर नैसर्गिक तापमान-नियंत्रण मिळालेले होते. बेसॉल्टच्या कातळात दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट दर १५ सेंटिमीटर खोलीला जवळजवळ दोन-तृतीयांशाने क्षीण होत जाते. एक मीटर खोलीवर ती नाहीशीच होते, असे म्हणायला हरकत नाही. त्यामुळे कातळात खोल कोरलेली खोली पहाटे बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दुपारी थंड लागते. जमिनीचा हा गुण आधुनिक तंत्रज्ञांनाही उपयोगी पडतो. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तबकड्यांकडून येणारे संदेश वाहणारे प्रकाशतंतू जमिनीत पुरलेले आहेत. ऊन-थंडीचे हेलकावे तेथे फारसे पोहोचत नाहीत.

घरांचे काय? या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. मात्र दुपारी पुन्हा अंगरखा काढावासा वाटतो. थंडी असते ती काही तासांचीच. दगडी जमीन तापायला पाच-सहा तास लागतात; ती तापेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. पश्चिम आंबेगाव व जुन्नरच्या डोंगराळ भागातील जुन्या घरांत कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणामातीचा लेप देत, चूल घरातच असे आणि पुष्कळदा गुरेही त्याच छपराखाली बांधत. गरज पडेल तेव्हा झटकन ऊब देणारी आणि विझवली की संपणारी चूल किंवा शेकोटी, हाच या हवामानाला साजेसा उपाय होता. त्याला मागासलेपण म्हणणे चुकीचे ठरेल. तो एक अचूक हिशेब होता.

गडावरचा हमाम

तरीही तापवलेली जमीन महाराष्ट्रात आली. ती घरांत आली नाही. राजवाड्यांत आणि गडांवर आली, स्नानगृहाच्या रूपाने. रोमन स्नानगृहांचे तंत्र पूर्व भूमध्य प्रदेशात टिकून राहिले, इस्लामी जगात त्याचा 'हमाम' झाला आणि इराण-मध्य आशियाच्या वाटेने तो भारतात पोहोचला. १५२६ मध्ये दिल्ली जिंकणाऱ्या बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानात हमाम नाहीत अशी तक्रार केली आहे. आग्र्याला त्याने ताबडतोब हमाम बांधून घेतला. त्याने दिलेले कारण मात्र नीट वाचण्याजोगे आहे. उष्णता, वारा आणि धूळ हे येथले तीन त्रास, आणि हमामात तिन्हींपासून सुटका होते, असे तो म्हणतो. म्हणजे जाड भिंतींची, पाणी खेळवलेली ही वास्तू त्याला उन्हाळ्यात गारव्यासाठीही हवी होती. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

दख्खनच्या सुलतानांनीही हमाम बांधले. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातील मोगल हमाम त्याच्या रंगीत छतासाठी प्रसिद्ध आहे. जुन्नर तर निजामशाहीची पहिली राजधानी; १४९० मध्ये मलिक अहमदाने येथूनच स्वतंत्र राज्य सुरू केले. शिवनेरीवर शिवजन्मस्थानाकडे जाताना वाटेत 'हमामखाना' म्हणून ओळखली जाणारी वास्तू लागते. बहुतेक सहली तेथे क्षणभर थांबतात, 'राजेलोकांची न्हाणी' एवढे ऐकतात आणि पुढे जातात.

येथे थांबून एक हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. समजा, हमामाची जमीन १५ चौरस मीटर आहे आणि तिचा दगड २० सेंटिमीटर जाडीचा आहे. म्हणजे ३ घनमीटर बेसॉल्ट, वजन सुमारे ८,७०० किलो. तो २० अंशांनी तापवायला साधारण १५० मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेले लाकूड जाळले तर सुमारे १५ मेगाज्यूल मिळतात, पण त्यातली दोन-तृतीयांश धुराबरोबर जाते असे धरू. तर लागणारे सरपण ३० किलो झाले. शिवाय ५०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला आणखी १० किलो. म्हणजे केवळ जमीन आणि पाणी एकदा तापवायला ४० किलो लाकूड, आणि जमीन दिवसभर गरम ठेवायची तर त्याहून बरेच अधिक. डोंगरी किल्ल्यावर ही मोळी कोणाच्या तरी डोक्यावरून चढत असणार. इतिहासात हमाम बांधणाऱ्यांची नावे राहतात. सरपण वाहणाऱ्यांची राहत नाहीत. हा हिशेब त्यांची थोडीशी आठवण ठेवतो. ही सोय मूठभरांपुरतीच का राहिली, याचे उत्तरही त्यातच आहे.

जेथे थंडी महिनोन्‌महिने टिकते आणि लाकूड जवळ असते, तेथे मात्र हेच तंत्र सर्वसामान्यांपर्यंत गेले. काश्मीरमध्ये मशिदींना जोडून हमाम असतात. खाली लाकडे पेटवतात, वरची दगडी जमीन कित्येक तास ऊब धरते आणि गावकरी तेथे येऊन बसतात.

धूर जाऊन पाणी आले

कोरियात ही पद्धत घरोघर होती. तिला 'ओंडोल' म्हणतात. स्वयंपाकाच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून सोडत. जमिनीवर तेल पाजलेला कागद चिकटवत आणि त्यावरच बसत, जेवत, झोपत. रचना सुंदर होती, पण तिच्यात एक जीवघेणे वैगुण्य होते. जमिनीला बारीकशी भेग पडली तरी धूर खोलीत येई. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबून माणसाला जागे करतो. विसाव्या शतकात लाकडाची जागा कोळशाच्या विटांनी घेतली, तेव्हा भेगांतून येऊ लागला तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत दक्षिण कोरियात हिवाळ्यात शेकडो माणसे झोपेतच दगावत. आपल्याकडेही बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने असेच मृत्यू होतात. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

उपाय होता जमिनीखाली धुराऐवजी पाणी खेळवण्याचा. पाण्याचा मोठा फायदा असा, की तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. रोमनांना दोन फूट उंचीची पोकळी लागे, तेथे बोटाएवढी नळी पुरते. इंग्लंडमध्ये अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये बंद लोखंडी नळांतून गरम पाणी फिरवण्याचे पेटंट घेतले. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट टोकियोत इम्पीरिअल हॉटेलच्या कामावर असताना त्याला तेथील एका सरदाराच्या घरी ओंडोलची जमीन असलेली खोली अनुभवायला मिळाली. तो इतका प्रभावित झाला, की १९३७ मध्ये पूर्ण झालेल्या जेकब्ज कुटुंबाच्या घरात त्याने काँक्रीटच्या जमिनीखाली लोखंडी नळ घातले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथे हजारो स्वस्त घरांच्या जमिनीत तांब्याच्या नळ्या पुरण्यात आल्या.

आणि मग गळती सुरू झाली! काँक्रीट किंचित खचले, तांबे गंजले, सांधे सुटले. जमिनीखालची गळती दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी घराची जमीनच फोडावी लागते. अनेकांनी नळ्या तशाच सोडून दिल्या आणि गरम हवेची यंत्रे बसवली. धूर असो की पाणी, या तंत्राचा खरा शत्रू गळतीच होता.

त्यावरचा तोडगा रसायनशास्त्रातून आला. पॉलिथिलीन हे प्लॅस्टिक गंजत नाही, पण गरम पाण्याच्या दाबाखाली ते हळूहळू ढिले पडते. १९६८ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ थॉमस एंगेल याने पेरॉक्साइड वापरून पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या जोडण्याची रीत शोधली. सुट्या दोऱ्यांचे जाळे व्हावे तसे हे झाले. हे 'पेक्स' प्लॅस्टिक १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये नळ्यांच्या रूपात बाजारात आले. त्याची नळी शेकडो मीटरच्या अखंड वेटोळ्यात मिळते. सांधाच नसेल तर सांधा गळणार कसा?

नळी कशी घालतात?

आज हे काम करणारा कारागीर पुढील क्रमाने जातो. प्रथम पक्क्या तळावर उष्णतारोधक फोमचे जाड तक्ते टाकतात, नाहीतर निम्मी उष्णता खालच्या मातीत जाईल. भिंतीच्या कडेने मऊ पट्टी लावतात, कारण तापल्यावर जमीन प्रसरण पावते. मग साधारण १६ मिलिमीटर जाडीची नळी १५ ते ३० सेंटिमीटर अंतराने फेऱ्या घेत अंथरतात व चिमट्यांनी पक्की करतात. फेऱ्या बहुधा चकलीसारख्या असतात. आत जाणाऱ्या प्रत्येक गरम फेरीशेजारी बाहेर येणारी कोमट फेरी राहते आणि जमीन सर्वत्र सारखी तापते. काँक्रीटच्या आत एकही जोड ठेवत नाहीत. दोन्ही टोके भिंतीतल्या पेटीत आणतात. मग नळीत पाणी भरून दाब देतात आणि दाबमापकाचा काटा हलत नाही याची खात्री करतात. दाब कायम ठेवूनच वर काँक्रीटचा थर ओततात. त्यामुळे कोणाचे फावडे लागून नळी फुटली तर ते तत्क्षणी कळते.

यातले अंकगणित आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल. १५ सेंटिमीटर अंतराने नळी घातली तर एका चौरस मीटरला सुमारे ६.७ मीटर नळी लागते. १५ चौरस मीटरच्या खोलीला झाली १०० मीटर. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर धरला तर तिच्यात मावते अवघे ११ लिटर पाणी, म्हणजे एक बादलीभर! खोलीला १,५०० वॅट द्यायचे आणि पाणी फिरून येताना ८ अंशांनी निवते असे धरले, तर मिनिटाला पावणेतीन लिटरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो. शिवाय पाणी उकळते असावे लागत नाही. ३५ ते ४५ अंश पुष्कळ झाले. एवढे तापमान छपरावरच्या सौर बंबाला अवघड नाही. ज्या कामाला गडावर मोळ्या चढवाव्या लागत, ते उन्हावर होऊ शकते.

आपल्याला याचा काय उपयोग?

जुन्नर-आंबेगावच्या घरात अशी तापती जमीन घालावी, असे आम्ही सुचवणार नाही. पहाटेच्या चार तासांच्या थंडीसाठी ती आजही महागडी आणि संथच ठरेल. मात्र बाबराचे म्हणणे आठवावे. त्याच नळीतून कोमट पाण्याऐवजी १६ ते १८ अंशांचे गार पाणी सोडले, तर जमीन किंवा छत आपल्या अंगाची उष्णता शोषून घेते. हैदराबादजवळ इन्फोसिस कंपनीने २०११ मध्ये एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचे वातानुकूलन बसवले आणि दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गार पाणी फिरवले. नळ्यांच्या भागात वातानुकूलनाची वीज सुमारे एक-तृतीयांशाने कमी लागली. अडचण एकच आहे. हवा दमट असेल तर गार पृष्ठभागावर दव धरते, म्हणून पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या वर ठेवावे लागते. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात जुन्नरला हे सोपे आहे. श्रावणात, किंवा घाटाखालच्या कोकणात, कठीण आहे.

उन्हाळे कडक होत आहेत आणि पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या शाळा अजूनही आहेत, तेव्हा हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही. शेवटी वीज हेही एक प्रकारचे सरपणच आहे. ते आपल्या डोळ्यांआड कुठेतरी जळते, एवढाच फरक.

या विषयावर शाळेत दोन गोष्टी करता येतील. पहिली : मैदानात सावलीशिवायच्या जागी पृष्ठभागावर, १० सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर खोलीवर तापमापक ठेवून दिवसभर दर दोन तासांनी नोंदी घ्याव्यात आणि आलेख काढावा. वरची लाट खाली जाताना कशी क्षीण होते आणि तिला किती उशीर होतो, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. दुसरी : शिवनेरीची सहल काढाल तेव्हा हमामखान्यापाशी पंधरा मिनिटे द्यावीत. भिंतींची जाडी मोजावी. पाणी कोठून येत असेल, विस्तव कोठे पेटवत असतील, धूर कोणत्या वाटेने जात असेल, जवळचे टाके किती पावलांवर आहे, हे मुलांनी पाहून कागदावर नकाशा काढावा. कोठेही खणू नये, चुना खरवडू नये, फटीत काठी घालू नये. वास्तू संरक्षित आहे, आणि जमिनीखालची रचना एकदा मोडली की तिच्याबद्दल पुढच्या पिढीला काहीच विचारता येणार नाही.